बारीक कोळशासाठी काय घ्यावं: साधं डिझेल, प्रमोटर की तयार मिश्रण?

वॉशरीत बारीक कोळसा फ्लोटेशननं साफ होतो: पाण्यात हवेचे बुडबुडे सोडले की कोळसा त्यांना चिकटून फेसात वर येतो आणि राख देणारी माती-दगड खाली उरते. खाली उरलेलं ते टेलिंग्ज. कोळसा बुडबुड्याला चिकटावा म्हणून घालतात तो कलेक्टर (इथे डिझेल), फेस टिकावा म्हणून फ्रॉदर. वॉशरी झारखंडात आणि खरेदीचं टेबल मुंबईत, अशा कंपन्यांमधले लोक माझ्याकडे बहुतेक वेळा तीन कोटेशनं घेऊन येतात. पहिलं नेहमीचं डिझेल आणि वेगळा फ्रॉदर. दुसरं त्याच डिझेलमध्ये थोडा प्रमोटर, म्हणजे डिझेलला कोळशावर बसायला मदत करणारं रसायन. तिसरं कलेक्टर आणि फ्रॉदर दोन्हींचं काम एकट्यानं करणारं तयार मिश्रण. किलोमागचे भाव शेजारी मांडले की डिझेल जिंकतं आणि फाइल बंद होते. मला हे खरंच खटकतं, कारण रसायनाच्या भावाआधी टेलिंग्जमधली राख बघायला हवी.

समजा, फ्लोटेशनला जाणाऱ्या ०.५ मिलिमीटरखालच्या कोळशात (फीडमध्ये) राख २८ टक्के आहे, फेसातून निघालेल्या मालात १६ आणि टेलिंग्जमध्ये ४०. चाळीसातून अठ्ठावीस गेले १२, चाळीसातून सोळा गेले २४. १२ भागिले २४, म्हणजे उतारा, फीडमधून हाती येणाऱ्या मालाचा वाटा, ५० टक्के. (साखर कारखान्यातला हा शब्द इथेही चपखल बसतो.) आता मालाची राख तीच ठेवून टेलिंग्जची राख ५२ वर नेली, तर उतारा जवळपास ६७ टक्के होतो. तासाला १०० टन फीड असेल तर सुमारे १७ टन कोळसा टेलिंग्जच्या तळ्यात जाण्याऐवजी हाती येतो. रसायन टनामागे ग्रॅममध्ये मोजलं जातं, त्यामुळे किलोचा भाव जास्त असला तरी हिशेब फिरू शकतो.

पण फिरतोच असं नाही. ताजा, चांगल्या प्रतीचा कोकिंग कोळसा मुळातच पाणी झटकणारा असतो. त्याच्या कणांवर तेलाचा पातळ थर बसला की बुडबुडा चटकन चिकटतो. अशा कोळशाला डिझेल आणि एमआयबीसी हा नेहमीचा फ्रॉदर पुरतो. त्यावर महागडं काही ओतून फारसं हाती लागत नाही.

अडचण उघड्या ढिगात महिनोन् महिने पडलेल्या कोळशाची. हवेनं त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट तयार होतात, ते पाण्याला धरून ठेवतात आणि तेल घसरतं. मग ऑपरेटर डिझेल वाढवत नेतो. प्रमोटरचा उपयोग इथे आहे. त्याच्या रेणूचं एक टोक या ऑक्सिजनवाल्या जागी बसतं, दुसरं तेलाला जागा करून देतं. शिवाय तो तेलाचे थेंब बारीक करतो, त्यामुळे तेवढंच डिझेल जास्त कणांपर्यंत पोचतं. मात्र मात्रा ओलांडली की रेणूंचा दुसरा थर उलटा बसतो आणि कण पुन्हा पाण्याकडे झुकतो. जास्तीचा भाग फिरत्या पाण्यात साठतो, थिकनरवरही (गाळ खाली बसवून पाणी निवळवायच्या टाकीवरही) फेस चढतो. म्हणून प्रमोटर घेणार असाल तर मात्रा मोजून सोडणारा डोसिंग पंप नीट चालतो का, हे आधी तपासा.

तयार मिश्रणाची सोय मला मान्य आहे: एकच टाकी, एकच पंप. पण कलेक्टर आणि फ्रॉदर एकत्र बांधले गेले की एक कमी करून दुसरा वाढवता येत नाही. फीड रोज बदलत असेल तर दोन नळ वेगळे हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच खाणीचा, एकसारखा कोळसा येत असेल तर मिश्रण खुशाल घ्या.

आणि खोट मातीची असेल तर? चिकणमातीचे सूक्ष्म कण कोळशाला लिंपून बसतात, शिवाय पाण्याबरोबर फेसात चढून राख वाढवतात. लिंपण सोडवायला सोडियम सिलिकेट मदत करतं, पाण्याबरोबर चढणारी माती फेसावर पाणी शिंपडून धुवावी लागते. कलेक्टर बदलून यातलं काहीच सुटत नाही.

आता चाचणी, कारण फसगत सर्वाधिक इथेच होते. एकदा नमुना मुंबईला मागवून आम्ही इथल्या प्रयोगशाळेत नळाच्या पाण्यात तपासला. निकाल देखणा आला, प्लांटवर मात्र ते प्रमाण लागूच पडलं नाही. मुंबईचं पाणी तानसा-भातसासारख्या तलावांमधलं, पावसाचं, मऊ. वॉशरीत तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं. त्यात क्षार विरघळलेले, जुना फ्रॉदर उरलेला, थिकनरमधला गाळ बसवणारा फ्लॉक्युलंटही थोडा. क्षार बुडबुडे फुटू देत नाहीत, त्यामुळे तिथे फ्रॉदर कमी लागतो. शिवाय वाळवून, पोत्यात भरून आठवड्यानं पोचलेला बारीक कोळसा वाटेतच शिळा होतो. तेव्हापासून मी चाचणी साइटवर, प्लांटच्याच पाण्यात, ताज्या स्लरीवर (कोळसा-पाण्याच्या मिश्रणावर) करायला सांगतो. फेसही एकदम गोळा करू नका: अर्धा मिनिट, एक, दोन आणि चार मिनिटं असे टप्पे पाडा, प्रत्येक टप्प्याची राख वेगळी काढा. महागडं रसायन बहुधा शेवटच्या टप्प्यात कोळसा वर आणतं. त्या टप्प्याची राख तुमच्या मर्यादेपलीकडे असेल तर तो वाढीव उतारा कामाचा नाही.

ऑर्डर देताना आधी महिनाभराचाच माल घ्या. एका पाळीत जुनं, दुसरीत नवं असं आलटून पालटून चालवा आणि दर पाळीला फीड, माल, टेलिंग्ज तिन्हींची राख लिहून ठेवा. विक्रेता या अटीला तयार नसेल तर पुढचं कोटेशन उघडा.