आफ्रिकेतील प्रादेशिक संघटनांवरील अभ्यासवर्ग : जळगावातील अनुभव

जळगावातील एका अभ्यासिकेने स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी या विषयावर चार रविवारी वर्ग घेतले. मी परीक्षार्थी नाही. मात्र डाळ मिलच्या खरेदी विभागात असल्यामुळे मोझांबिकच्या तुरीसोबत तिथल्या अशांततेच्या बातम्याही माझ्या टेबलावर येतात, म्हणून मी नाव नोंदवले.

पहिले दोन वर्ग उत्तम झाले. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या आफ्रिकी एकता संघटनेने सदस्यांच्या अंतर्गत कारभारात हात घालायचा नाही हे तत्त्व मानले होते, तर २००२ मध्ये तिच्या जागी आलेल्या आफ्रिकी संघाने वंशसंहार आणि युद्धगुन्ह्यांच्या प्रसंगी हस्तक्षेपाचा अधिकार स्वतःकडे घेतला. हा बदल १९९४ च्या रवांडातील वंशसंहाराशी जोडून सरांनी फार तळमळीने उलगडला.

इकोवास, म्हणजे पश्चिम आफ्रिकी देशांची आर्थिक संघटना, हिच्या वर्गात मात्र गाभा निसटला. निवडणूक हरूनही पद न सोडणाऱ्या गांबियाच्या याह्या जामेह यांना जानेवारी २०१७ मध्ये सेनेगलच्या नेतृत्वाखालील फौजेपुढे देश सोडावा लागला, हे सविस्तर सांगितले गेले. नायजरला मात्र पाच मिनिटेच मिळाली. तिथे जुलै २०२३ च्या लष्करी उठावानंतर इकोवासने राष्ट्राध्यक्षांना पुन्हा पदावर बसवा, नाहीतर बळाचा वापर होऊ शकतो, असे सांगून आठवड्याची मुदत दिली, ती उलटून गेली आणि लष्करी कारवाई काही झाली नाही. गांबियाला तीन बाजूंनी सेनेगलचा वेढा आहे आणि तेव्हा शेजारी एकमताचे होते; नायजरच्या वेळी माली आणि बुर्किना फासो येथील लष्करी राजवटी उठावकर्त्यांच्याच पाठीशी उभ्या राहिल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये हे तिन्ही देश संघटनेतून बाहेर पडले. माझ्या मते संघटनेची परिणामकारकता करारातील कलमांपेक्षा शेजाऱ्यांच्या या एकमतावरच ठरते, आणि तेच फळ्यावर आले नाही.

शेवटच्या वर्गात सोमालियातील आफ्रिकी मोहिमेच्या सैनिकांचे भत्ते मुख्यतः युरोपीय संघाच्या पैशातून दिले जात, हा मुद्दा चांगला मांडला. पण वेळ संपल्यामुळे मोझांबिक एका वाक्यात उरकले, याचे मला खरोखर वाईट वाटले. मोझांबिकच्या उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतातील बंड ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाले आणि साडेकची (दक्षिण आफ्रिका खंडातील देशांच्या संघटनेची) फौज पोहोचली जुलै २०२१ मध्ये; तीही संघटनेचा सदस्य नसलेल्या रवांडाचे सैनिक उतरल्यानंतर. २०२४ मध्ये साडेकची फौज परतली, रवांडाची राहिली. लगतच्याच नाम्पुला प्रांतातील नाकाला बंदरातून तूर निघते, तेव्हा जळगावच्या वर्गात या प्रकरणाला पूर्ण तास मिळायला हवा होता.

टिपणे नेटकी आहेत, नकाशे नाहीत. मोझांबिकसाठी पाचवा वर्ग ठेवावा, असे मी अभ्यासिकेला लेखी कळवले आहे.