सेल्सच्या दोन ऑफर, कोल्हापूरची प्लेसमेंट कन्सल्टन्सी : चार स्टार, त्यातले तीन मॅडमचे

माझा धाकटा भाऊ बीफार्म झालाय. ह्या कन्सल्टन्सीतून त्याला एकाच आठवड्यात दोन ऑफर आल्या, दोन्ही सेल्सच्या. एक फार्मा कंपनीत एमआर (डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह), हेडक्वार्टर कोल्हापूर, सीटीसी (म्हणजे कंपनीचा त्याच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 3 लाख 60 हजार, आणि दुसरी पुण्यात विमा कंपनीत, म्हणजे बँकेच्या ब्रँचमधे बसून तिथल्या कस्टमरला पॉलिसी विकायची, सीटीसी 4 लाख 80 हजार. घरात सगळ्यांचं एकच, अरे पुण्याची घे ना, जवळजवळ सव्वा लाखाचा फरक आहे!

कन्सल्टन्सीच्या मॅडमनी दोन्ही ऑफर लेटर समोर ठेवून कागदावर हिशोब मांडला तो खरंच बघण्यासारखा होता. पुण्याच्या 4.80 मधले 1 लाख 20 हजार व्हेरिएबल, म्हणजे टार्गेट झालं तरच. राहिले 3.60, महिन्याला 30 हजार, त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1800 आणि ग्रॅच्युइटी बाजूला, मग आपल्या वाट्याचा पीएफ परत 1800, प्रोफेशनल टॅक्स 200, हातात येणार साधारण पंचवीस हजार. आणि फार्माच्या 3.60 मधे व्हेरिएबल नाहीच, म्हणजे हातात तेवढेच पंचवीस!! वर डीए म्हणजे फिरतीचा रोजचा भत्ता आणि गाडीचे किलोमीटरचे पैसे वेगळे, इन्सेंटिव्ह वेगळा. पुण्यात रूमभाडं आणि मेस स्वतःची, इथे घरचं जेवण. बाबा गप्पच झाले.

मला हे एवढं महत्त्वाचं का वाटतं सांगते, कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते आणि बहुतेक ठिकाणी ते वर्षाच्या सीटीसीच्या टक्क्यांवर असतात, म्हणजे मुलाने मोठी सीटीसी घेतली की त्यांचा फायदा जास्त. तरी मॅडमनी पुण्याचा धोशा लावला नाही. उमेदवाराकडून ते एक रुपयाही घेत नाहीत, रजिस्ट्रेशनच्या नावाखाली पैसे मागणाऱ्यांच्या दारात तर जाऊच नका.

पुढचा प्रश्न इन्सेंटिव्हचा. विम्यात टार्गेटच्या 80 टक्क्यांखाली शून्य असा स्लॅब होता, शिवाय कस्टमरने फ्री लूकच्या, म्हणजे पॉलिसी न पटल्यास परत करायच्या, 30 दिवसांत ती परत केली की तो धंदा वजा, आणि पुढच्या वर्षी हप्ता भरला नाही तर पर्सिस्टन्सी, म्हणजे चालू राहिलेल्या पॉलिसींचं प्रमाण, पडते ती पण तुमच्याच नावावर. बँकेच्या काऊंटरवर एफडी करायला आलेल्या आजोबांना पॉलिसी गळ्यात मारायची नसेल तर हे टार्गेट कठीण आहे, आणि माझ्या भावाचा तो स्वभाव नाही. फार्मातही सगळं गोड नाही हे पण मॅडमनी स्पष्ट सांगितलं, महिनाअखेर क्लोजिंगला स्टॉकिस्टकडे म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे माल ढकलायला मॅनेजर मागे लागतो, दुपारी केमिस्टकडे उभं राहून आरसीपीए, म्हणजे कुठला डॉक्टर कुठलं औषध लिहितो त्याची नोंद, रात्री डॉक्टरची ओपीडी संपेपर्यंत बाहेर बाकावर बसायचं, आऊटस्टेशनला चिपळूण सावंतवाडी करायचं पावसात. औषध कंपन्यांच्या मार्केटिंगसाठीच्या 2024 च्या सरकारी कोडनुसार डॉक्टरांना गिफ्ट द्यायला बंदी आहे त्यामुळे आता मॉलिक्यूलची, म्हणजे औषधातल्या मूळ घटकाची, माहिती असलेल्या मुलाला जास्त किंमत आहे असं त्यांचं मत, आणि बीफार्मवाल्यासाठी ते मला पटलं. भावाने फार्मा घेतलं. ज्याचं घरच पुण्यात आहे आणि ज्याला एका जागी बसून बोलायला आवडतं त्याने विम्याचा विचार जरूर करावा, फिरती नाही हे छोटं सुख नाहीये.

आता एक स्टार का कापला. मॅडम सोडून बाकीचा स्टाफ फोनवर फार घाई करतो, आजच हो सांगा नाहीतर पोझिशन जाईल, असं सारखं. एकदा तर आईला फोन केला, ते अजिबात आवडलं नाही मला. आणि इन्सेंटिव्ह पॉलिसीची पीडीएफ आम्ही चार वेळा मागितल्यावर आली. ऑफर लेटरमधे ‘कंपनीच्या धोरणानुसार’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यावर सही करायची कशी?

जाणार असाल तर सकाळी जा, दुपारनंतर मॅडम कंपन्यांच्या इंटरव्ह्यूत असतात. स्लॅबचा कागद, डीएचे रेट आणि नोटीस पिरियड, हे तिन्ही लेखी हातात आल्याशिवाय हो म्हणू नका, स्टाफ कितीही फोन करू दे.