बिघाड शोधायला पेनड्राइव्हवर काय टाकावं: मिंट, हायरेन्स की सिस्टमरेस्क्यू?

नाशिकला एम. जी. रोडवर लॅपटॉप घेऊन जा आणि ‘हँग होतोय’ म्हणा; बऱ्याच काउंटरवर उत्तर ठरलेलं असतं, ‘फॉरमॅट मारून देतो.’ कधी कधी ते बरोबरही निघतं. पण हार्ड डिस्कच शेवटच्या घटका मोजत असेल, तर पैसे जातात आणि डेटाही. म्हणून दुकानात जायच्या आधी दोष विंडोजचा आहे की यंत्राचा, एवढं घरीच पाहा. त्यासाठी पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टीम चालू करायची.

माझं मत विचाराल तर सुरुवात लिनक्स मिंटने करा; ही विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, इन्स्टॉल काही करायचं नाही, समोर नेहमीसारखा डेस्कटॉप येतो. तासभर वापरा: वायफाय, कीबोर्ड, व्हिडिओ. इथेही मशीन अचानक बंद पडलं, तर विंडोज बहुधा निर्दोष आहे. उलट सगळं सुरळीत चाललं म्हणून डिस्क चांगली, असं मात्र समजू नका. मिंट पेनड्राइव्ह आणि रॅमवरच चालतं, आतल्या डिस्कला हातही लावत नाही. लोक इथेच फसतात. मिंटमधलं ‘डिस्क्स’ उघडून स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, पाहा. साध्या हार्ड डिस्कवर ‘करंट पेंडिंग सेक्टर’समोर (नीट वाचता न येणारे डिस्कचे तुकडे) शून्याऐवजी आकडा दिसला, तर आधी फायली बाहेर काढा, निदान नंतर.

हायरेन्स बूटसीडी पीई दिसायला विंडोजच, त्यामुळे लिनक्सची धास्ती असलेल्यांना सोपं वाटतं. लोकल अकाउंटचा पासवर्ड विसरला, बूट बिघडलं म्हणजे विंडोज सुरूच होत नाही, अशा विंडोजच्या दुखण्यांवर ते मिंटपेक्षा सरस. हार्डवेअर तपासायला मात्र मी त्यावर विसंबणार नाही. ही काटछाट केलेली विंडोज. आवाज आला नाही तर स्पीकर गेलाय की ड्रायव्हरच नाही, हे कळत नाही. शिवाय सवयीने चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क दुरुस्त करणारा प्रोग्राम, चालवायचा मोह होतो. मरणाऱ्या डिस्कवर तो दुरुस्तीच्या नावाखाली लिहीत सुटतो, आणि वाचला असता तो डेटाही जातो.

सिस्टमरेस्क्यू ही दुरुस्तीसाठीचीच लिनक्स. ती काळ्या स्क्रीनवर उघडते; ‘स्टार्टएक्स’ टाइप केलं की डेस्कटॉप येतो. नवख्याचं काम नाही, पण दोन गोष्टींसाठी ठेवाच. बूट मेनूत रॅम तपासणारा मेमटेस्ट आहे: मशीन मनाला येईल तेव्हा रीस्टार्ट होत असेल तर रात्रभर लावून ठेवा, एक एरर आली तरी रॅमवर संशय घ्या. दुसरं डीडीरेस्क्यू. ते खराब डिस्कची प्रत काढतं आणि कुठपर्यंत वाचलं ते मॅप फाइलमध्ये टिपतं. वळवाच्या पावसात लाइट गेली तरी पुढे तिथूनच सुरू करता येतं. फक्त ती फाइल बाहेरच्या डिस्कवर हवी, रॅममध्ये ठेवली तर लाइटबरोबर तीही गेली.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर तिन्हींपैकी काहीही वापरा, फायली उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की लागणारच. पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी कधी सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारं सेटिंग) बंद करावं लागतं; ते केल्यावर विंडोजसुद्धा ती मागू शकतं, तेव्हा सेटिंगला हात लावायच्या आधी ती कागदावर उतरवून घ्या.

आणि एकच निवडायचं बंधनही नाही. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय टाका (पेनड्राइव्ह कोरा होतो, आतलं आधी काढून ठेवा), मग तिन्हींच्या आयएसओ फायली (अख्खी सिस्टीम एकाच फाइलमध्ये, तशीच डाउनलोड होते) त्यात नुसत्या कॉपी करा. बूट करताना मेनूतून हवी ती निवडता येते.