ऑफिसच्या लेझर प्रिंटरची फॉन्ट सेटिंग्ज: आठ महिने वापरल्यानंतर

आमच्या पतसंस्थेत फेब्रुवारीत काळा-पांढरा लेझर प्रिंटर आला. कर्ज, ठेवी, कॅश आणि माझं टेबल अशा चार ठिकाणांहून त्याच्यावर प्रिंट जाते. वेग चांगला आहे, कागद क्वचितच अडकतो, त्यामुळे त्याबद्दल फार लिहीत नाही. लिहायचं आहे ते फॉन्टबद्दल. मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्या ऑफिसात प्रिंटरचा कस तिथे लागतो, आणि घेताना मी त्याबद्दल एक शब्दही विचारला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात एक सभासद कर्जमंजुरीचं पत्र घेऊन परत आले. आडनाव कुऱ्हाडे. पडद्यावर नाव बरोबर होतं, कागदावर 'कु' आणि 'डे' यांच्या मध्ये रिकामी जागा. रकमेआधीच्या ₹ च्या जागी चौकोन. "हे पत्र दुसऱ्या बँकेत दाखवायचंय, नाव असं कसं चालेल?" असं ते म्हणाले आणि त्यांचं बरोबर होतं. पत्र पुन्हा काढलं तर यावेळी नाव आलं, पण खालच्या ओळीतल्या दोन वेलांट्या गेल्या.

कारण शोधताना पहिली उपयोगी गोष्ट प्रिंटरच्या पॅनेलवरच सापडली. रिपोर्टच्या मेनूत 'पीसीएल फॉन्ट लिस्ट' आहे (पीसीएल म्हणजे प्रिंटरला समजणारी आज्ञांची भाषा), ती छापून घ्या. प्रिंटरच्या पोटात कायम असलेले सगळे फॉन्ट त्यात दिसतात. आमच्या यादीत कूरियर, युनिव्हर्स, लेटर गॉथिक अशी रोमन लिपीची घराणी होती, देवनागरी एकही नाही. म्हणजे मराठीचं प्रत्येक अक्षर कॉम्प्युटरकडूनच प्रिंटरकडे जायला हवं. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मात्र प्रिंटिंग प्रेफरन्सेस, अ‍ॅडव्हान्स्ड, ट्रूटाइप फॉन्ट इथे 'सब्स्टिट्यूट विथ डिव्हाइस फॉन्ट' निवडलेलं होतं. एरियल दिसला की प्रिंटरने त्याला जवळचा वाटणारा स्वतःचा फॉन्ट वापरायचा, असा त्याचा अर्थ. इंग्रजी पत्राला ते चालून जातं. आमच्या पत्रात मराठी मजकूर, इंग्रजी आकडे आणि रुपयाचं चिन्ह एकाच ओळीत असतं. तिथे 'डाउनलोड अ‍ॅज सॉफ्टफॉन्ट' केलं, म्हणजे फॉन्ट कॉम्प्युटरनेच पाठवायचा, आणि ₹ लगेच उमटला, आकड्यांचे रकानेही सरळ झाले.

हा बदल करताना मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मधला बदल फक्त त्या वेळी लॉगिन असलेल्या माणसापुरता असतो. कॅशच्या मशीनवर सकाळी एक जण बसतो, दुपारनंतर दुसरी व्यक्ती, दोघांचं लॉगिन वेगळं. सकाळच्या पावत्या नीट आणि दुपारच्या बिघडलेल्या, हे पंधरा दिवस चाललं. मी प्रिंटरला दोष देत राहिले. सर्वांसाठीची सेटिंग प्रिंटर प्रॉपर्टीजच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमधल्या 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स' या बटणामागे असते, आणि त्यासाठी अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. चारही मशीनवर तिथून बदल केला तेव्हा ही कटकट संपली.

पीडीएफची अडचण यानेही पूर्ण सुटली नाही. लांबलचक पीडीएफमध्ये जोडाक्षरं अधूनमधून तुटायचीच. त्यावर पीडीएफच्या प्रिंट खिडकीतल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 'प्रिंट अ‍ॅज इमेज' हा उपाय लागू पडला. पान चित्र म्हणून जातं, त्यामुळे वेळ जास्त लागतो, पण 'कऱ्हाड' कऱ्हाडच राहतं. रोजच्या पावत्यांना मी हे वापरत नाही. वार्षिक सभेची नोटीस आणि अहवाल मात्र असेच काढले.

एक घोळ प्रिंटरच्या माथी मारू नका. बाहेरून आलेली वर्डची फाइल जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये असेल आणि तो फॉन्ट तुमच्या मशीनवर नसेल, तर छापून इंग्रजी अक्षरांची खिचडीच येणार. पाठवणाऱ्याला पीडीएफ मागा किंवा फाइल सेव्ह करताना फॉन्ट एम्बेड करायला, म्हणजे फाइलमध्येच जोडायला, सांगा.

आता पॅनेलवरचा फॉन्ट मेनू. बहुतेकांना तो कधीच लागत नाही. आमच्याकडे खातेउताऱ्याची जुनी प्रणाली अजून चालू आहे. ती विंडोजचा ड्रायव्हर न वापरता नुसता मजकूर पाठवते, म्हणून तिथे पॅनेलवर जे ठरलेलं असेल तेच छापलं जातं. आमच्याकडे मूळ सेटिंग कूरियर, 10 पिच, म्हणजे एका इंचात 10 अक्षरं. ए4 कागदावर अशी 78 अक्षरं बसतात. आमचा उतारा 80 अक्षरांचा. शेवटची दोन अक्षरं म्हणजे शिल्लक रकमेतले पैसे, आणि ते कापले जात होते. 1250.75 च्या जागी नुसतं 1250 आणि एक टिंब. पीसीएलच्या मेनूत 'वाइड ए4' नावाची एक सेटिंग आहे, ती 'येस' केली की 80 अक्षरं मावतात. 132 अक्षरांच्या रोजकीर्दीसाठी 16.67 पिचचा 'लाइन प्रिंटर' फॉन्ट निवडते, तोही याच सेटिंगमुळे कागदात बसतो. तक्त्याच्या रेघांच्या जागी टोपी घातलेली परदेशी अक्षरं आली तर सिम्बॉल सेट (कोणत्या कोडला कोणतं चिन्ह छापायचं याची यादी) 'रोमन-8' आहे असं समजा, तो 'पीसी-8' करा. कूरियरला 'डार्क' असा पर्याय असेल तर तोही घ्या. मूळचा फारच बारीक उमटतो आणि आमच्या ज्येष्ठ सभासदांना वाचता येत नाही.

टोनर वाचवण्याची सोय मी पत्रांसाठी बंद ठेवली आहे. तिने शिरोरेखा तुटक होते, अनुस्वार फिका पडतो. अक्षरही 12 पॉइंटच्या खाली नेत नाही. वरखाली मात्रा-उकार असल्यामुळे त्याच पॉइंटला देवनागरी अक्षर रोमनपेक्षा लहान दिसतं.

जूनमध्ये दुरुस्तीला आलेल्या माणसाने प्रिंटर फॅक्टरी सेटिंगवर नेला आणि पॅनेलवरचं सगळं पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी उताऱ्यातले पैसे पुन्हा गायब. तेव्हापासून कॉन्फिगरेशनचं पान छापून, पिच, सिम्बॉल सेट आणि वाइड ए4 यांवर लाल पेनाने खूण करून, प्रिंटरशेजारच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. ऑगस्टमध्ये मी रजेवर असताना पुन्हा तोच प्रसंग आला, आणि शिपाईमामांनी ते पान बघून दहा मिनिटांत सगळं पूर्ववत केलं.