गाडीचं काम एक नंबर, बोलण्याचं तेवढं बघा

उद्यमनगरात दोन फाउंड्रींच्या मधल्या बोळात हे दुचाकीचं गॅरेज आहे. नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार एकट्या त्यांच्यावर नाही. कोल्हापुरातल्या कुठल्याही गॅरेजात हेच ऐकायला मिळेल.

आधी कामाचं. माझा डब्यांचा व्यवसाय आहे, स्कूटर दिवसभर पळते. पिकअप गेला होता आणि सिग्नलला उठताना गाडी थरथरायची. एका मोठ्या वर्कशॉपनं न उघडताच "अख्खा क्लच सेट बदला" म्हणून साडेपाच हजार सांगितले. इथल्या मामांनी डाव्या बाजूचं कव्हर काढलं, बेल्ट बोटांवर वाकवून दातांच्या बुडाशी पडलेल्या भेगा दाखवल्या आणि रोलर माझ्या तळहातावर ठेवले. सगळे एका बाजूनं घासून चपटे झालेले. क्लच शू फक्त पॉलिश पेपरनं घासले, "अजून चालत्यात, कशाला बदलताय?" बेल्ट, रोलर, गिअर ऑइल आणि मजुरी धरून १,६५० रुपये. जुने पार्ट न मागता पिशवीत घालून दिले. गाडी आता डबे लादूनही चढ सहज काढते.

आता बोलण्याचं.

मी कोल्हापूरची आहे. 'आयला', 'च्यायला' ऐकून माझे कान लाल होत नाहीत. 'रांडेच्या' तर आमच्याकडे जिवलग दोस्ताला मारलेली हाक असते. अर्थ काढत बसलं तर वाईटच आहे, पण म्हणणारा काढत नाही आणि ऐकणाराही नाही. तरी मी स्टुलावर बसले तसं मामांनी पोरांना दटावलं, "ए, ताई बसल्यात, तोंड सांभाळा." बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

थोड्या वेळानं आतला नट काही केल्या निघेना. शिकाऊ पोरगं पाना धरून घामाघूम. मामा खेकसले, "काय बाईगत जोर लावतोस रं! बांगड्या भर त्यापरास." पलीकडच्यानं लगेच "बायल्या हाय त्यो" म्हणून पुरवणी जोडली. म्हणजे माझा मान राखायला शिव्या बंद केल्या आणि रिकाम्या झालेल्या जागेवर मलाच बसवलं.

म्हटलं, "मामा, मी हितंच बसलोय की."

"अवो ताई, तुमाला कुठं? त्याला म्हटलं."

"म्हटलं त्याला, पण माप माझंच लावलंय न्हवं?"

मामा ओशाळून हसले, पोरगं जरा जास्तच हसलं. नट शेवटी पान्याला लांब पाइप लावल्यावर निघाला. जोर बाईचाही नव्हता नि गड्याचाही नव्हता, पाइपचा होता.

वर मी 'बसलोय' म्हटलं ते चुकून नाही. आमच्या इकडच्या पोरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट पोरगी धीट आहे म्हणतात. एखाद्या पोरानं 'मी आले' म्हणून बघावं, तालमीपर्यंत बातमी जाईल. मला टोचतं ते इथं. बाईला 'मर्दानी' म्हटलं की कौतुक, पुरुषाला 'बाईगत' म्हटलं की अपमान.

नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावानं २०२४ च्या नोव्हेंबरात ग्रामसभेत ठराव केला, आई-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. मला तो ठराव आवडला. पण 'बायल्या' आणि 'बांगड्या भर' यांची पावती कोण फाडणार? यात एकही घाण शब्द नाही. शाळेत मास्तर म्हणतात, सभेत पुढारी म्हणतात, आंदोलनात तर बायकाच साहेबांना बांगड्यांचा आहेर करतात. ते बघून मला दर वेळी वाटतं, अगं, तुझ्या हातात काय आहे ते बघ.

प्रत्येक शब्दाला हरकत घ्यावी असंही नाही. वायरच्या कपलरला गॅरेजवाले मेल-फिमेल म्हणतात, म्हणोत. त्यानं कुणाची मान खाली जात नाही. त्या शिकाऊ पोराची गेली होती, मी बघितली. अपमान त्याचा झाला आणि तो करायला मला वापरलं, हे मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

परवा हवा भरायला थांबले तेव्हा मामा त्याच पोराला म्हणत होते, "काय म्हाताऱ्यागत करतोस!" मामांचं वय साठीच्या पुढं असेल. त्यावरचा रिव्ह्यू त्यांच्या वयाच्या कुणीतरी लिहावा.

कामाला पाचपैकी पाच स्टार, बोलण्याला सध्या तीन. सोमवारी बंद असतं. सकाळी लवकर गेलात तर दुपारपर्यंत गाडी हातात मिळते. ऑनलाइन पैसे घेतात, पण बिल मागून घ्या, आपणहून देत नाहीत.