सुई कुणाची, हे आधी विचारा: अ‍ॅक्युपंक्चरचे माझे आठ महिने

गेल्या आठवड्यात रक्ताचा दुसरा रिपोर्ट आला. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, तिन्ही निगेटिव्ह. या कागदासाठी मी सहा महिने थांबले होते. तो हातात येईपर्यंत अ‍ॅक्युपंक्चरबद्दल चांगलं किंवा वाईट काहीच लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता लिहिते.

मी सोलापुरात ब्लाउज आणि ड्रेस शिवते, अठ्ठावीस वर्षं झाली. अर्धशिशी त्याच्याही आधीपासूनची. डाव्या डोळ्यामागून सुरू होते, मानेत उतरते, मग मळमळ, मग अंधाऱ्या खोलीत पडून राहणं. अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे काय, सुया कुठे टोचतात, दुखतं का, हे सगळं तुम्ही आधीच वाचलेलं असणार, ते पुन्हा सांगत नाही. मी तिकडे का वळले ते मात्र सांगायला हवं. मला दमा आहे, त्यामुळे अर्धशिशी येऊ नये म्हणून देतात ती प्रोप्रानोलॉल मला चालत नाही. टोपिरामेट घेतली तर बोटांना मुंग्या यायच्या आणि गिऱ्हाइकाचं माप घेऊन वहीपर्यंत जाईतो आकडा डोक्यातून जायचा. माझ्या धंद्यात हे चालणारच नाही. नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर किती दिवस काढणार? महिन्यात दहा-पंधरा दिवस त्या घेतल्या तर पुढे गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं, हे न्यूरोलॉजिस्टनी स्पष्ट सांगितलं होतं.

म्हणून जूनमध्ये एका क्लिनिकमध्ये गेले. भिंतीवर आमच्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचा मोठा फोटो. सोलापूरच्या माणसाला तेवढा विश्वास पुरतो, मलाही पुरला. (नंतर कळलं की कोटणीस चीनमध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायचे, १९४२ मध्ये तिथेच गेले. अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणलं ते १९३८ मध्ये कोटणीसांबरोबर चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी. ते पन्नासच्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली. कोटणीसांचा अभिमान मला आहेच, पण त्यांच्या फोटोवरून क्लिनिक निवडू नका.)

वीस सिटिंगचं पॅकेज, सात हजार रुपये, सगळे आगाऊ. आठवड्यातून दोनदा जायचं. पहिल्याच दिवशी सुई बघायला मागितली, कारण सुई हा माझा विषय आहे. मशीनची चौदा नंबरची सुई ०.९ मिलिमीटर जाडीची असते. ही ०.२५. म्हणजे आमच्या सुईच्या तिसऱ्या हिश्श्याहून बारीक, आणि आत शिरली तर कळतसुद्धा नाही. कळतं ते नंतर. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात हेगू नावाची जागा आहे, तिथली सुई जरा फिरवली की दिवसभर जाड कापडावर कात्री चालवून हात भरून येतो तसा जडपणा येतो. चिनी लोक त्याला दे-ची म्हणतात. कवटीच्या खाली मानेच्या दोन्ही बाजूंना (या जागेला फेंगची म्हणतात), पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात, मनगटाच्या तीन बोटं वर, अशा दहा-बारा सुया आणि पंचवीस मिनिटं पडून राहायचं.

मी मापाच्या वहीत शेवटच्या पानावर डोकेदुखीचे दिवस लाल शाईने मांडते. एप्रिलमध्ये दहा, मेमध्ये अकरा. जुलैत सहा झाले. मी खूश होते. दोन शेजारणींना सांगूनही टाकलं.

तेराव्या सिटिंगला मनगटाची सुई आत जाताना ओढली गेली. शिवणकाम करणाऱ्या कुणालाही हे लगेच समजेल. टोक मोडलेली सुई कापडात शिरताना धागा ओढते, रेशमी कापडावर तर रेघच उमटते. तसंच कातडीला झालं. मी म्हटलं, ही सुई बदला, हिच्या टोकाला आकडा आलाय. ती मुलगी म्हणाली, "मावशी, तुमचीच आहे ती, तुमच्याच बाटलीतली."

माझी बाटली! उठल्यावर मी बघायला मागितली. कपाटात छोट्या काचेच्या बाटल्यांची रांग, प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर पेनाने नाव, आत स्पिरिट आणि सुया. तेरा वेळा मला त्याच सुया टोचल्या होत्या. माझ्या बाटलीवरचं नाव स्पिरिट सांडून अर्धं पुसलेलं होतं आणि शेजारच्या बाटलीवरचंही. पहिलं अक्षर दोन्हींवर एकच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. स्पिरिटमध्ये बुडवून सुई निर्जंतुक होत नाही. त्याला ऑटोक्लेव्ह लागतं, वाफेचा दाब आणि १२१ अंश उष्णता. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहतो. बहुतेक माझ्या सुया माझ्याच असतील. पण "बहुतेक" म्हणजे काय हे त्या पुसलेल्या नावाकडे बघून मला कळलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये रक्त दिलं आणि सहा महिन्यांनी पुन्हा.

उरलेल्या सात सिटिंगचे २,४५० रुपये मागायला तीनदा गेले. पावतीमागे बारीक अक्षरात "पैसे परत मिळणार नाहीत" असं छापलेलं. मला सांगण्यात आलं की हवं तर दुसऱ्या कुणाला पाठवा, त्यांना वापरू देऊ. त्या सुया मी दुसऱ्या कुणाला टोचायला पाठवू? पैसे गेले. एका ब्लाउजची शिलाई किती मिळते हे ज्यांना माहीत आहे त्यांना २,४५० रुपये म्हणजे किती दिवसांचं काम ते सांगायला नको. त्याच क्लिनिकमध्ये मला दम्याचा पंप बंद करायला सांगितलं होतं, दम्याचंही इथेच बघू म्हणून. तो मी बंद केला नाही. तुम्हीही कुणाच्या सांगण्यावरून पंप, बीपीची गोळी, इन्सुलिन असलं काही स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

इथपर्यंत माझं मत असं होतं की उपचार चांगला आहे, माणसं वाईट भेटली. मग माझ्या भाचीने त्यात भर घातली. ती फिजिओथेरपीला आहे. तिने जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीचे आकडे दाखवले, २००७ सालच्या. कंबरदुखीची १,१६२ माणसं, तीन गट. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारवाल्यांपैकी २७.४ टक्क्यांना फरक, खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना. आणि ज्यांना मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर सुया टोचल्या त्यांच्यापैकी ४४.२ टक्क्यांना. म्हणजे हेगू, फेंगची, तीन बोटं वर, ही सगळी मोजमापं बाजूला ठेवली तरी जवळजवळ तेवढाच गुण. हे वाचून मला राग आला. मापात अर्धा इंच चुकला तर ब्लाउज फुकट जातो, आणि इथे कुठेही टोचलं तरी चालतं?

मग विचार केला, कदाचित गुण त्या पंचवीस मिनिटांचा असेल. दुपारी कुणी हाक मारत नाही, फोन नाही, मान टेकलेली, असं मी वर्षानुवर्षं पडलेले नव्हते. तेवढं तर घरीही जमेल आणि पैसे लागणार नाहीत. ऑगस्टभर तेच केलं. रोज दुपारी तीनला मशीनवर कापड टाकायचं, मोबाइल बंद, अर्धा तास सतरंजीवर. मान खरंच मोकळी झाली, संध्याकाळचे खांदे हलके वाटायला लागले. ही सवय मी अजून ठेवली आहे. पण वहीत ऑगस्टचे लाल दिवस नऊ. जुलैत सहा होते.

एका बाईचा एक महिना म्हणजे शास्त्र नव्हे, भाचीने हेही बजावलं. पण तिनेच हेही सांगितलं की ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१२ च्या सूचनांमध्ये, ज्यांना टोपिरामेट आणि प्रोप्रानोलॉल चालत नाहीत अशा अर्धशिशीच्या रुग्णांसाठी अ‍ॅक्युपंक्चर सुचवलेलं आहे: पाच ते आठ आठवड्यांत जास्तीत जास्त दहा सिटिंग. हे तर माझंच वर्णन. आणि त्याच संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका असं सांगितलं. एका दुखण्याला हो, दुसऱ्याला नाही. "सगळ्यावर चालतं" असं म्हणणाऱ्यापेक्षा मला हे जास्त पटलं.

सप्टेंबरमध्ये दुसरीकडे गेले. पहिला प्रश्न सुईचा. त्या डॉक्टर ताईंनी काही न बोलता खण उघडला आणि पाकीट माझ्या हातात दिलं. एका बाजूला कागद, एका बाजूला प्लास्टिक, आत प्रत्येक सुई वेगळ्या नळीत. मागे एक्स्पायरीची तारीख आणि गोलात २ लिहून त्यावर काट मारलेली खूण. ती खूण म्हणजे दुसऱ्यांदा वापरायचं नाही. पाकीट माझ्यासमोर फुटलं आणि झाल्यावर सुया मोजून धारदार वस्तूंच्या पांढऱ्या डब्यात गेल्या. अकरा टोचल्या, अकरा निघाल्या. मोजण्याचा आवाज मी पडल्या पडल्या ऐकला आणि फार बरं वाटलं.

घरी येताना वैद्यकीय सामानाच्या दुकानात शंभर सुयांच्या पाकिटाचा भाव विचारला. साडेतीनशे. म्हणजे एक सुई साडेतीन रुपयांना, माझ्या अकरा सुया चाळीस रुपयांच्या आत. सात हजार आगाऊ घेणाऱ्यांनी एका सिटिंगमागे हे चाळीस रुपये वाचवले. आठ महिन्यांत मला जे सगळ्यात जास्त टोचलं ते हे.

दुसरीकडे सिटिंगला पाचशे, पॅकेज नाही, गेलं की द्यायचे. जास्त वाटतात, पण न आवडलं तर थांबण्याची मोकळीक त्यात आहे. आठवड्याला एक किंवा दोन अशा आठ आठवड्यांत दहा झाल्या, आता महिन्याला एक. सप्टेंबर सात दिवस, ऑक्टोबर पाच, नोव्हेंबर चार, डिसेंबर चार, जानेवारी पाच.

ऑक्टोबरच्या पाचावर जरा थांबते. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे रात्री बारापर्यंत मशीन चालते आणि दर वर्षी त्यातले सात-आठ दिवस मी अंधारात पडून काढते, गिऱ्हाइकाला खोटं सांगते की बटणं यायची आहेत. या वर्षी वसुबारसेला शेवटचा ब्लाउज इस्त्री करून दिला. कुणालाही खोटं सांगावं लागलं नाही. धनत्रयोदशीला मी स्वतः चकल्या केल्या, कित्येक वर्षांनी.

बाकीच्या तक्रारींचं थोडक्यात. गुडघ्यासाठी आठ वेळा सुया घेतल्या, काही उपयोग नाही. मोक्साही करून पाहिला. वाळवलेल्या पानांची कांडी पेटवून गुडघ्याजवळ धरतात. ती वनस्पती आपल्या दवण्याच्या कुळातली, वासावरून मला जोतिबाचा चैत्र आठवला. शेक छान, पण दुसऱ्या दिवशी जिना तसाच. दीडशे रुपये वेगळे, म्हणून बंद केलं. झोप सिटिंगच्या दिवशी गाढ लागते, इतर दिवशी पूर्वीसारखीच. मळमळ सुरू झाली की मनगटाची ती जागा अंगठ्याने दाबून धरते, बऱ्याचदा ओकारी टळते, आणि त्याला पैसे लागत नाहीत. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी उपाशीपोटी गेले आणि सुया लागल्यावर घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी आली. ताईंनी लगेच सुया काढल्या, पाय उंच ठेवले. खाऊन जा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर टोचण्याआधी सांगा, हेगूची जागा गरोदरपणात टाळतात.

आणि नोंदणी विचारा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे, त्याखाली परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारला म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. आमच्या ताईंनी प्रमाणपत्राकडे बोट दाखवलं आणि पुढचं काम सुरू केलं.

ज्या दोन शेजारणींना मी जुलैत पहिलं क्लिनिक सांगितलं होतं, त्यांच्या घरी बाटल्या बघितल्या त्याच संध्याकाळी गेले. एकीने पॅकेज भरलेलं होतं, तीन सिटिंग झाल्या होत्या. तिच्या दुसऱ्या तपासणीचा रिपोर्ट अजून यायचा आहे. लॅबचे पैसे मी दिले आहेत.

सोलापूरचा खरा उन्हाळा अजून पुढेच आहे. एप्रिलचे दहा, मेचे अकरा, हे गेल्या वर्षीचे आकडे वहीत आहेत, शेजारचा रकाना आखून मोकळा ठेवला आहे. तो भरला की इथेच खाली लिहीन.