इंडक्शन शेगडी, तीन लिटरचा कुकर आणि एकवेळचा डबा : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याचा महिन्याचा पैसा मुख्यतः दोन वाटांनी जातो, एक खोलीभाड्याची आणि दुसरी जेवणाची. भाडे घरमालक ठरवतो, त्यामुळे तिथे आपले फारसे काही चालत नाही. जेवणाच्या खर्चात काही करता येईल का, हे पाहण्यासाठी मी गेल्या वर्षीच्या जुलैत दोन वेळची मेस बंद करून एक इंडक्शन शेगडी आणि तीन लिटरचा कुकर घेतला. आज त्याला चौदा महिने झाले. या काळात मी प्रत्येक रुपया वहीत लिहिला आहे, म्हणून खालचे आकडे अंदाजाचे नाहीत. मात्र ते औंध रस्त्यावर राहणाऱ्या आणि खडकी बाजारातून भाजी आणणाऱ्या एका माणसाचे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

आधीची स्थिती सांगतो. दोन वेळच्या मेसचे 3,600 रुपये होत. सकाळचा नाश्ता आणि चहा बाहेरच होई, त्याचे साधारण 1,100 रुपये जात. याशिवाय रविवारी संध्याकाळी मेस बंद असे आणि प्रयोगशाळेतल्या यंत्रावर माझी पाळी बऱ्याचदा रात्रीची असे, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा मेसचे जेवण चुकून बाहेर खावे लागे. ते आणखी 900. म्हणजे 5,600 रुपये. यातला सर्वांत जिव्हारी लागणारा भाग खाड्यांचा होता. आमच्या मेसमध्ये सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जात नसे आणि तोही आदल्या दिवशी सांगावा लागे. मेसवाल्या काकूंचे यात काही चुकत नव्हते, त्यांनी माझ्या वाटणीचा स्वयंपाक केलेलाच असे. परंतु यंत्र केव्हा मोकळे होईल हे मला आदल्या दिवशी ठाऊक नसे आणि एकाच रात्रीच्या जेवणाचे पैसे मी दोनदा भरत असे. त्यातच फेलोशिपचे पैसे पाच महिने थकले आणि उसनवारीची वेळ आली, तेव्हा हा दुहेरी खर्च मला सोसवेना.

गॅसचा विचार मी प्रथम केला होता. पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्रावर मिळतो आणि बाहेरगावच्या विद्यार्थ्याला ती मोठीच सोय आहे. पण घरमालकीण काकूंनी खोलीत सिलिंडर ठेवण्यास स्पष्ट नकार दिला आणि दहा बाय बाराच्या, एकाच खिडकीच्या खोलीचा विचार करता त्यांचे म्हणणे मला रास्त वाटले. इंडक्शनला त्यांनी होकार दिला, तो सबमीटरवर 12 रुपये युनिटप्रमाणे पैसे देण्याच्या अटीवर. हा दर ऐकून मी धास्तावलो होतो आणि माझ्याप्रमाणेच पुष्कळ जण इथेच माघार घेतात, म्हणून विजेचा हिशेब जरा तपशिलाने देतो.

आमच्या सबमीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याशेजारी छापले आहे की 3,200 लुकलुकींचे एक युनिट होते. एका रविवारी मी खोलीतला दिवा, पंखा, मोबाइलचा चार्जर, सगळे बंद केले, शेगडी 1,200 वॉटवर लावली आणि मोबाइलमधले घड्याळ चालू करून जिन्याखालच्या त्या मीटरसमोर बसलो. एका मिनिटात दिवा 64 वेळा लुकलुकला. गणित तंतोतंत जुळले, कारण 1,200 वॉटला मिनिटाला तेवढीच लुकलुक यायला हवी. मग पूर्ण कुकर लावून पाहिला : पहिली शिट्टी येईपर्यंत आठ मिनिटे 1,200 वॉटवर आणि पुढे दहा मिनिटे 600 वॉटवर. वरण आणि भात मिळून पाव युनिटाहून किंचित जास्त वीज लागली, म्हणजे जेमतेम तीन रुपये. नाश्ता आणि दोन वेळचा चहा धरूनही माझे स्वयंपाकाचे वीजबिल महिन्याला 180 रुपयांच्या आसपास राहते. बारा रुपयांचा दर जास्तच आहे, पण त्यामुळे बेत फसत नाही.

बेत फसू शकतो तो वीजजोडणीमुळे, आणि हा मुद्दा विकणारे कोणी सांगत नाही. माझी शेगडी 2,000 वॉटची आहे. भाड्याच्या खोल्यांत बहुधा पंखा-दिव्यांसाठीचा सहा अँपिअरचा सॉकेट असतो. 230 व्होल्टला सहा अँपिअर म्हणजे 1,380 वॉट, त्यापलीकडे त्या सॉकेटवर भार टाकणे धोक्याचे आहे. शेगडीची पिन जाड असल्यामुळे ती त्यात बसतही नाही, म्हणून मुले बाजारातून तीस-चाळीस रुपयांचा कन्व्हर्टर आणतात. मीही आणला. तिसऱ्या आठवड्यात घाईच्या सकाळी मी शेगडी 1,800 वॉटवर ठेवून पोहे करत होतो, तोच जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. पिन काढायला गेलो तर कन्व्हर्टर मऊ होऊन सॉकेटला चिकटलेला होता आणि भिंतीवर हाताच्या पंजाएवढा काळा डाग उमटला होता. काकूंना मी त्याच दिवशी सगळे सांगितले. त्यांनी वायरमन बोलावला, त्याने मुख्य बोर्डापासून स्वतंत्र जाड वायर ओढून पंधरा अँपिअरचा पॉइंट बसवला आणि त्याचे 850 रुपये मी दिले. हे पैसे पहिल्याच दिवशी खर्च करायला हवे होते. ज्यांच्या खोलीत मोठा पॉइंट नाही आणि घरमालक तो बसवू देत नाही, त्यांनी ही शेगडी घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

वस्तूंच्या किमती अशा : शेगडी 2,150, कुकर 1,700, एक कढई, दोन पातेली आणि डबे मिळून 700, आणि वायरमनचे 850, एकूण 5,400 रुपये. कुकर घेताना दुकानात लोहचुंबक घेऊन जावे, कारण बुडाला चुंबक चिकटत नसेल तर ते भांडे इंडक्शनवर तापत नाही. आमच्या घरचा जुना अॅल्युमिनियमचा कुकर आईने मोठ्या मायेने सोबत दिला होता, तो याच कारणाने परत पाठवावा लागला. चहाचे लहान पातेलेही चालत नाही. माहितीपत्रकानुसार बूड किमान 12 सेंटीमीटर रुंद हवे, नाहीतर शेगडीला भांडे ओळखता येत नाही आणि ती नुसती पीं-पीं करत राहते.

कुकरविषयी एक गोष्ट मला महिनाभराने उमगली. इंडक्शनवर भांडे इतके झटपट तापते की शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ मात्र कच्ची राहते. सुरुवातीचे कित्येक दिवस चार शिट्ट्यांनंतरही वरणात कणी राहत होती आणि मी दोष डाळीला देत होतो. फोनवर आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “अरे, शिट्ट्या कशाला मोजतोस, घड्याळ बघ की. आणि डाळ आधी भिजत घाल.” तेव्हापासून तूरडाळ अर्धा तास भिजवतो, तिच्यात हळद, हिंग आणि तेलाचे चार थेंब टाकतो, पहिली शिट्टी होताच आच उतरवतो आणि दहा मिनिटे तशीच ठेवतो, वरण लोण्यासारखे घोटले जाते. तीन लिटरच्या उभट कुकरमध्ये दोन डबे एकावर एक बसतात, खाली डाळीचा आणि वर भाताचा, आणि दोघांपुरते सहज होते. एकट्यासाठी दोन लिटरचा पुरेल असे वाटते, पण त्यात दुसरा डबा बसत नाही आणि सगळी सोय त्या दुसऱ्या डब्यातच आहे.

आता बचतीविषयी. पहिल्या दोन महिन्यांत एक रुपयाही वाचला नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवे. मी उत्साहाने पाच किलो तांदूळ, दोन-दोन किलो डाळी आणि आठवड्याची भाजी एकदम आणली. पावसाळ्याचे दिवस होते. तांदळात किडे झाले, मुगाला जाळी धरली आणि फ्रिज नसल्यामुळे पालेभाजी दुसऱ्याच दिवशी पिवळी पडली. दुपारचेही जेवण घरीच करण्याचा हट्ट मी धरला होता, त्यात रोज दोन तास जात, आणि दमून आलो की सगळे तसेच सोडून बाहेर जेवायला जात असे. दुसऱ्या महिन्याची बेरीज केली तेव्हा ती मेसच्या काळातल्या एकूण खर्चापेक्षा दोनशे रुपयांनी जास्त भरली.

तिसऱ्या महिन्यापासून मी पद्धत बदलली आणि तीच आजपर्यंत टिकली आहे. दुपारचा डबा लावला. एकवेळच्या डब्याचे 1,900 रुपये होतात आणि दुपारी मी हमखास विभागातच असल्याने तो वाया जात नाही. रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता खोलीवर होतो. किराणा महिन्याला 850 रुपयांचा, भाजी, दूध आणि अंडी मिळून 800, वीज 180 आणि बाहेर खाणे 320 रुपये. भाकरी मात्र या शेगडीवर जमत नाही; तवा मधोमध तापतो, कडा कच्च्या राहतात आणि ज्वाला नसल्यामुळे भाकरी फुगत नाही. मी लातूर जिल्ह्यातला, भाकरीवाचून आठवडा काढणे मला शक्य नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा पोळी-भाजी केंद्रातून दोन भाकरी आणतो, त्याचे 350 रुपये होतात. सगळे मिळून 4,400, म्हणजे आधीपेक्षा महिन्याला 1,200 रुपये कमी. घरून येणाऱ्या तूरडाळीची किंमतही मी बाजारभावाने यात धरली आहे. ती फुकट समजली तर आकडा अधिक सुंदर दिसेल, पण खरा राहणार नाही.

सुरुवातीची गुंतवणूक सातव्या महिन्यात वसूल झाली. दुरुस्ती वजा जाता चौदा महिन्यांत साधारण 8,200 रुपये शिल्लक पडले. दुरुस्तीचे असे झाले की यंदाच्या जुलैत एका रात्री वीज जाऊन आली आणि शेगडी बंद पडली. दुरुस्ती करणाऱ्याने तळ उघडला तर आत झुरळांचे घर होते आणि आयजीबीटी, म्हणजे आतली वीज वेगाने चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग, उडालेला होता. 650 रुपये लागले आणि आठ दिवस गेले. तेव्हापासून स्वयंपाक आटोपला, आतला पंखा थांबला आणि काच गार झाली की मी शेगडीची पिन काढून ती कापडी पिशवीत घालून फळीवर ठेवतो. कुकरची रिंग आठव्या महिन्यात कडक होऊन वाफ सोडू लागली होती, ती 90 रुपयांत बदलली. काचेवर हळदीचे डाग राहतात, पण ओल्या फडक्याने जातात. जळलेल्या दुधाचा एक डाग मात्र कायमचा राहिला आहे.

रोजच्या जेवणात खरी भर कडधान्यांनी घातली. मटकी सकाळी भिजत घालावी, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधावी, दुसऱ्या संध्याकाळी चांगले मोड आलेले असतात. मूठभर मटकीची दोन वेळची उसळ होते आणि तिला फ्रिज लागत नाही. आईने पाठवलेले मेतकूट, शेंगदाण्याचे कूट आणि लसणाची चटणी हाताशी असली की भाजी नसलेली रात्रही निभावते. भाजी मी आता खडकी बाजारातून रात्री साडेआठनंतर, दोन दिवसांपुरतीच आणतो. त्या वेळी विक्रेते उरलेले वाटे कमी भावात देतात, आणि हवे तेवढेच घेतल्यामुळे टाकावे काहीच लागत नाही. किराणाही आता किलोऐवजी पाव किलोने येतो. दुकानात तो किलोमागे चार-सहा रुपयांनी महाग पडतो, परंतु किडलेल्या डाळीपेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे.

वेळेचा हिशेब पैशांइतकाच महत्त्वाचा आहे, कारण संशोधन करणाऱ्याचा वेळ मोकळा नसतो. रात्रीच्या स्वयंपाकाला मला आता पस्तीस मिनिटे लागतात, त्यांतली वीस कुकर स्वतःच काढतो आणि तेवढ्यात मी दिवसभराच्या नोंदी वहीत उतरवून घेतो. भांडी घासायला आणखी पंधरा. मेसला जाऊन, रांगेत थांबून, जेवून परत यायला मला जवळपास तेवढाच वेळ लागत असे. प्रबंधाच्या लेखनाचे शेवटचे सहा महिने ज्यांच्यासमोर आहेत, त्यांना मात्र मी हे नव्याने सुरू करायला सांगणार नाही. घडी बसायला दोन महिने जातात आणि ते दोन महिने त्या काळात परवडत नाहीत. वसतिगृहात राहणाऱ्यांनी आधी नियम पाहावेत, कारण खोलीत विजेची शेगडी वापरायला अनेक ठिकाणी मनाई असते आणि तिथली मेस चांगली असेल तर हा खटाटोप करण्याचे कारणही नाही.

गेल्या महिन्यापासून शेजारच्या खोलीतला एमएस्सीचा मुलगा रात्री माझ्याबरोबर जेवतो. तो भाजी आणि दूध आणतो, भांडी घासतो आणि किराण्याचा अर्धा वाटा देतो. कुकर एकच लागतो, वीज जवळपास तेवढीच जाते, फक्त दोन्ही डबे काठोकाठ भरतात. त्या एका महिन्यात माझा खर्च 4,400 वरून 4,050 वर आला. मात्र भाताचे प्रमाण अजून बसलेले नाही, परवाही त्याला कमी पडला आणि आम्ही रात्री दहा वाजता दुसऱ्यांदा कुकर लावला.